साठचा कॅमेरा बाविसावर का अडकला?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीनशॉपमध्ये फिरत्या जॉबचे, म्हणजे मशीनवर लावलेल्या भागाचे, फोटो घ्यायचे होते. फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरकडून सेकंदाला 45 ट्रिगर, म्हणजे फोटो घ्यायचे इशारे; कॅमेरा सेकंदाला 60 फ्रेमचा. तरी फोटो यायचे बावीस-तेवीसच. दोन दिवस केबल बदलण्यात गेले.

शेवटी वहीत गणित मांडलं. कॅमेरा रोलिंग शटरचा, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणारा. ट्रिगरशिवाय मोकळा चालताना एक फ्रेम वाचतानाच पुढच्या फ्रेमचं एक्स्पोजर (सेन्सरने उजेड घेणं) सुरू होतं, म्हणून 60 मिळतात. ट्रिगर लावला की आमच्या मॉडेलमध्ये आधी एक्स्पोजर, मग रीडआउट, म्हणजे फ्रेम वाचून काढणं. एक्स्पोजरचे 10 अधिक रीडआउटचे 16.6, म्हणजे 26.6 मिलिसेकंद. ट्रिगर मात्र दर 22.2 ला. कॅमेरा तयार नसतानाच तो यायचा आणि वाया जायचा. एक सोडून एक!

एक्स्पोजर 2 मिलिसेकंदांवर आणलं. फोटो काळे पडले, म्हणून पाचपट उजेडाचा एलईडी बार जॉबच्या अगदी जवळ बसवला. 18.6 मिलिसेकंदांत काम भागलं, सगळे 45 आले.

गोल भोकं तिरकी दिसायची ती दिसतच राहिली. ओळी एकामागून एक टिपल्या जातात, त्याला सेटिंग काय करणार? पुढच्या मशीनला सगळ्या ओळी एकदम टिपणारा ग्लोबल शटरच घेतला, तोही ट्रिगरमध्ये एक्स्पोजर आणि रीडआउट एकत्र चालतं हे डेटाशीटमध्ये बघूनच.