चक्कर कानाची आहे का? आधी घड्याळ बघा

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा रक्तदाबाची. पण घर गरगर फिरतंय असं वाटलं, तर आतल्या कानाचा संशय घ्यावा. ‘मान आखडली’, ‘पित्त झालं’ म्हणून गळ्यात पट्टा बांधण्याआधी चक्कर किती वेळ टिकली आणि काय करताना आली, एवढं लिहून ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की येते आणि मिनिटभरात थांबते, ती बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी कानाची चक्कर. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. ऐकण्यात फरक पडत नाही. रुग्ण मात्र ‘दिवसभर चक्कर होती’ म्हणतो, कारण फिरणं थांबलं तरी मळमळ आणि अधांतरी वाटणं रेंगाळतं. प्रत्यक्ष फिरत किती वेळ होतं, ते खोदून विचारा.

20 मिनिटं ते 12 तास चालली, सोबत एक कान गच्च, त्यात घूंऽऽ आवाज आणि कमी ऐकू येणं असेल, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार. सुरुवातीला दोन झटक्यांच्या मधे ऐकू नीट येतं, म्हणून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) त्रास असतानाच करून घ्यावी. अर्धशिशीची चक्करही तासन्‌तास टिकते. उजेड-आवाज सहन होतो का, तेही लिहा.

दिवसरात्र गरगर, ओकाऱ्या, पण ऐकू नीट: हा व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस (कानाकडून तोलाचे संदेश नेणाऱ्या नसेची सूज) असू शकतो, बऱ्याचदा सर्दी-तापानंतर येणारा. मेंदूचा झटकाही हुबेहूब असाच दिसतो. एकाच्या दोन वस्तू दिसणं, जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, यातलं एकही असलं तर 108 ला फोन करा. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा (ईएनटी) डॉक्टर गाठा.

चक्कर चालू असताना घरातल्या कुणीतरी दिवा लावून डोळ्यांचा जवळून 30 सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. रुग्णाने डोळे उघडे ठेवून समोर बघायचं. बुबुळं कुठल्या बाजूला झटके देतात, हे डॉक्टरांना त्यात दिसतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेलं असतं.

चक्करच्या गोळीने नलिकेतले कण हलत नाहीत. त्यासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणीने (मान वळवून झटकन आडवं करून डोळे बघण्याची) बाजू ठरवून एप्ली, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढण्याची क्रिया, करावी लागते. न्यूरायटिसमध्ये गोळी पहिले दोन-तीन दिवस ठीक. आठवडेच्या आठवडे घेतली तर मेंदूचं तोल सावरायला शिकणं लांबतं.