लेखनातला स्वतःचा आवाज कसा शोधावा?

लिहायला बसले की पुष्कळांची भाषा बदलते. बहिणीला फोनवर लग्नातली गोष्ट सांगताना ‘वाढप्यानं जिलबीचं ताट आमच्या पंगतीपर्यंत आणलंच नाही’ म्हणणारी व्यक्ती कागदावर ‘भोजनव्यवस्थेत काही त्रुटी आढळल्या’ असे लिहून मोकळी होते. पहिल्या वाक्यात सांगणारी व्यक्ती दिसते, दुसरे कोणाचेही असू शकते. स्वतःच्या आवाजाचा शोध या दोन वाक्यांमधल्या अंतरापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी मनाला लागलेला एखादा प्रसंग जवळच्या माणसाला सांगावा, ते बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि नंतर अडखळण्यासकट शब्दशः उतरवून काढावे. उतरवण्याआधी, ध्वनिमुद्रण न ऐकता, त्याच प्रसंगावर एक पान लिहून ठेवावे. मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून बोलताना सुरुवात कुठून झाली, कोणता तपशील लिहिताना गळाला, कुठे क्रियापद जाऊन जड नाम आले, ते खुणा करून पाहावे.

खरे काम यानंतरचे आहे. प्रत्येक खुणेपाशी थांबून, इथे आपण कोणाला घाबरलो, हे समासात लिहावे. लाल शाईने वही तपासणारे शिक्षक, नावे ठेवणारे नातेवाईक, आपल्यापेक्षा अधिक वाचलेला मित्र, असे कोणीतरी तिथे उभे असते, आणि काही पानांनंतर तीच व्यक्ती वारंवार भेटू लागते. तिची ओळख पटल्याशिवाय शैलीवर केलेली मेहनत बहुतेक वाया जाते, कारण ती मेहनतही आपण तिलाच खूश करण्यासाठी करत असतो.

ज्यांच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जाते, त्यांच्या समासात अनेकदा घरच्या बोलीची लाज निघते. त्यांनी बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) उदाहरण जवळ ठेवावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंनी घरात आणि शेतात राबताना खानदेशातल्या आपल्या बोलीत रचलेल्या कविता त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे जतन झाल्या आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आल्या. जाते, विहीर, सुगरणीचा खोपा यांकडे पाहण्याची त्यांची नजर आणि त्यांची बोली वेगळी काढता येत नाही. म्हणून चव आणण्यासाठी बोलीतले शब्द वरून पेरू नयेत. जिथे मनात दुसरा शब्द येतच नाही, तिथे मात्र तो बेधडक ठेवावा.

नजर ओळखण्यासाठी रोज रात्री, दिवसभरात लक्षात राहिलेली एकच गोष्ट दोन ओळींत टिपावी. महिन्याभराने वही चाळली की कोणाला पैशाचे व्यवहार दिसतात, कोणाला गप्प बसलेली माणसे, हे कळते, आणि आपले विषयही तिथेच सापडतात.

आवाज पक्का होतो तो पुनर्लेखनाने. मजकूर मोठ्याने वाचावा आणि जीभ अडखळेल ते वाक्य मोडून पुन्हा लिहावे. तोच प्रसंग धाकट्या भावासाठी, वरिष्ठांसाठी आणि अनोळखी वाचकासाठी असा तीनदा लिहिल्यास जे तिन्हींत टिकते, ते बहुधा आपले असते. पाठवण्याआधी भीतीपोटी खोडलेली वाक्ये वेगळ्या वहीत उतरवून ठेवावीत, आणि त्यांतले एखादे वेगवेगळ्या लेखांतून पुन्हा पुन्हा तिथे येऊन पडत असेल, तर पुढचा लेख त्याच वाक्याने सुरू करावा.