दोर खाली ओढण्याआधी: पहिल्यांदा कॅनियनिंगला जाणाऱ्यांसाठी

माणगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, लग्नसराईत घागरे. वय सत्तेचाळीस, गुडघे बरे, उंचीची भीती पूर्वीपासूनची. पोहता येतं, पण ते विहिरीत कमरेला डबा बांधून शिकलेलं. हे आधी सांगते, कारण कॅनियनिंगचे फोटो पाहिले की वाटतं हे पंचविशीतल्या पोरांचं काम. तसं नाही. मात्र जायच्या आधी जे बघायचं ते नीट बघावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं कुणी सांगत नाही.

आपल्याकडे धबधब्यावरून दोराने उतरण्याला सरसकट 'वॉटरफॉल रॅपलिंग' म्हणतात. तिथे एक कडा उतरायचा आणि पायवाटेने परत वर यायचं. कॅनियनिंगमध्ये घळीतून ओढ्याच्या संगतीनेच खाली जायचं असतं. कडा आला तर दोर, घसरडा कातळ आला तर घसरगुंडी, डोह आला तर पोहणं किंवा उडी. सगळे एका टप्प्यावरून उतरले की दोर खालून ओढून घेतात, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागतो. आणि दोर खाली आला की मागे जायची वाट संपली. दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर धबधबा. कापडावर कात्री फिरली की झालं, तसंच. म्हणून मापं आधी घ्यायची.

पहिलं माप दिवसाचं. जून ते ऑगस्ट हा विषयच नको. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत धबधब्यांवर प्रशासनाची बंदी येते ती उगाच नाही. गणपती-नवरात्र उरकलं, भात पिवळं पडायला लागलं की ओढे शहाणे होतात. ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर हा काळ नवख्यासाठी चांगला. तरी हस्त-चित्रा नक्षत्रांचा पाऊस विसरू नका. सकाळी कडक ऊन, दुपारी तीनला गडगडाट. हत्ती (म्हणजे हस्त) पडला की भिंती पडतात असं आमची सासू म्हणायची, ते घराच्या भिंतींबद्दल होतं, पण ओढ्याला जास्त लागू पडतं. म्हणून पाण्यात सकाळी सातला शिरायचं आणि दुपारी एकच्या आत बाहेर. 'निवांत दहाला निघू' म्हणणाऱ्या आयोजकाला तिथेच नमस्कार करावा.

आपल्या अंगणातला पाऊस बघून काही कळत नाही. ओढ्याला पाणी येतं घाटमाथ्यावरून, आणि ताम्हिणीचा पाऊस माणगावच्या पावसाला भीक घालत नाही. वरचा काळा बसाल्ट पाणी पीत नाही. पडलं ते सगळं घळीत येतं, आणि घळ अरुंद असल्यामुळे काही मिनिटांत पाणी गुडघ्यावरून गळ्यापर्यंत चढू शकतं. हवामान खात्याच्या हिशोबात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'मुसळधार' आणि ११५.६ च्या पुढे 'अति मुसळधार'. घळीला त्याच्या कितीतरी आधीच धोका असतो. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी घाटाकडे पिवळा इशारा जरी असला तरी मी जाणार नाही.

१९९९ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ झाक्सेटबाख नावाच्या ओढ्यात कॅनियनिंग करताना एकवीस माणसांचा जीव गेला. त्यात तीन मार्गदर्शक होते. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि लोंढा आला, एवढंच कारण. हा खेळ ज्यांच्या घरचा, त्यांच्याकडे हे झालं. भाचा (नणंदेचा मुलगा, मला यात ओढणारा तोच) म्हणाला, "मामी, हे कशाला वाचलंस?" वाचलं म्हणून तर आम्ही गेलो त्या सकाळी आम्हाला नेणाऱ्या वाडीतल्या दादाला चार प्रश्न विचारता आले.

आता दुसरं माप, नेणाऱ्या माणसांचं. माझा पहिला प्रयत्न दोन वर्षांपूर्वी फसला होता. जाहिरात झकास होती. तिथे पोचले तर चाळीस माणसं, एक दोर, आणि डोक्यावर डुगडुगणारी हेल्मेटं. माझ्या हातात जो हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा, ज्याच्यावर आपण दोराला लटकतो) आला त्याच्या मांडीच्या पट्ट्याची शिवण उसवली होती आणि कुणीतरी ती घरच्या मशीनवर, साध्या सुती दोऱ्याने, सरळ टाक्याने पुन्हा मारली होती. मी रोज हेच करते, त्यामुळे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर जो दाट, आडवा-उभा टाका असतो, बारटॅक, तसल्या टाक्यांवर हार्नेसचं सगळं बळ असतं. चांगल्या हार्नेसमध्ये ते टाके मुद्दाम पट्ट्याच्या उलट रंगाच्या दोऱ्याने मारलेले असतात, झिजले की लगेच दिसावेत म्हणून. मी हार्नेस परत दिला आणि घरी आले. आगाऊ भरलेले पैसे बुडाले. बुडू देत.

तुम्ही शिंपी नसाल तरी हे बघता येतं. पट्ट्यावरून बोटं फिरवा. कुठे केस निघाल्यासारखं, कुठे कडक, कुठे उन्हाने रंग उडालेलं लागतं का? टाके अख्खे आहेत का? हेल्मेटच्या आत ईएन १२४९२ आणि हार्नेसवर ईएन १२२७७ असा छाप असतो, तो मागून बघा. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट चालत नाही. खालचा पट्टा आवळल्यावर मान जोरात हलवून बघा, हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे. दोर फुगलेला, मध्येच मऊ पडलेला किंवा आतला पांढरा गाभा दिसणारा असेल तर बोलणं संपलं.

आता विचारायचं काय. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. ती आहे का? मार्गदर्शकांनी मनाली-उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थांचा बेसिक कोर्स केलाय म्हणाले तर चांगलंच, पण पुढचा प्रश्न सोडू नका: वाहत्या पाण्यात काम केलंय का? कोरड्या कड्यावर अडकलेल्याला सोडवायला थोडा तरी वेळ मिळतो. धबधब्याखाली लटकलेल्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून पाण्यात दोर असा बांधतात की उतरणारा अडकला तर वरचा माणूस गाठ न कापता त्याला तसाच खाली सोडू शकतो. "माझा डिसेंडर जाम झाला तर तुम्ही काय करणार?" असं थेट विचारा (डिसेंडर म्हणजे हार्नेसला अडकवलेलं, दोर ज्यातून सरकतो ते साधन). ज्याला येतं तो तिथल्या तिथे करून दाखवतो. ज्याला येत नाही तो म्हणतो, "ताई, तसं काही होत नाही."

मग: किती माणसं? आम्ही आठ होतो, तिघे नेणारे. मधूनच घळीबाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत? या ओढ्याची प्रत काय? फ्रेंच पद्धतीत दोराच्या अवघडपणाला व्ही आणि पाण्याच्या अवघडपणाला ए, दोन्ही एक ते सात. नवख्याने दोन-दोनच्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या सगळ्या ओढ्यांना अशी प्रत लावलेली नसते, पण प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बरंच सांगतो. आणि घळीत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा बाहेर कोण थांबणार आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर तो १०८ ला फोन करणार, हेही ठरलेलं हवं.

कपड्यांचं मात्र माझ्याकडून ऐका. सुती काही नको. सूत पाणी धरतं, जड होतं, आणि वारा लागला की अंग गारठतं. जीन्स तर नाहीच. धावण्याचा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि घट्ट ट्रॅकपँट पुरे. नाड्या, ओढणी, लोंबणारं काहीही नको. मंगळसूत्र, बांगड्या घरी. मी सासूबाईंना 'तुटायला आलंय, सोनाराकडे दिलंय' असं सांगितलं. पायात रबरी तळाचे, घट्ट लेसचे बूट, ट्रेकवाले घालतात ते ॲक्शनचे चालतात. सँडल नको. चष्म्याला मागून दोरी. सकाळी पोटभर मिसळ हाणू नका, एक भाकरी आणि केळं बास.

निजामपूरच्या पुढे घाटाच्या पायथ्याला आम्ही ओढ्यात शिरलो. वाडीतल्या दादाने सगळ्यात आधी पाण्याच्या रेषेवर एक पांढरा दगड ठेवला. पुढे प्रत्येक थांब्यावर त्याने हेच केलं. दगड बुडाला तर पाणी वाढतंय. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या यायला लागल्या, आवाज बदलला, तर दगडाचीही वाट बघायची नाही, जमेल तेवढं उंच चढायचं. हे त्याने पाच मिनिटांत, विडी न पेटवता तोंडात धरून सांगितलं.

पहिला टप्पा घराच्या मजल्याएवढा. त्यावर जे शिकाल तेच शेवटपर्यंत. पाय खांद्याएवढे फाकवून, तळवा पूर्ण कातळावर टेकवून, मागे रेलायचं. घाबरलेली माणसं कातळाला मिठी मारतात आणि तोंडावर आपटतात, कारण उभं राहिलं की बूट निसटतो. बसायचं, खुर्चीत बसावं तसं. ब्रेकचा हात (डिसेंडरच्या खालचा दोर धरणारा) कमरेच्या खाली, आणि तो सुटायचा नाही. माशी बसली तरी नाही. "ताई, उजवा हात विसरायचा नाही, बाकी सगळं विसरा," दादा म्हणाला. शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर त्यावर पाऊल नको. कातळ खडबडीत दिसेल तिथे टाका. पाणी डोक्यावर आलं की वर बघायचा मोह होतो. बघू नका. हनुवटी छातीला लावा, हेल्मेटच्या पुढे हवेची छोटी पोकळी होते, तिच्यात श्वास घ्या आणि सरकत धारेच्या बाहेर या. खाली पोचलात की दोर मोकळा करून लगेच बाजूला पोहा. धबधब्याच्या पायाशी पाणी पांढरं, फेसाळ असतं. त्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते माणसाला नीट उचलत नाही, चांगला पोहणाराही तिथे बुडबुडतो. लाईफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालायचं ते याचसाठी.

तिसरा टप्पा अठरा मीटर. तिथे मी घोळ घातला. वेणी हेल्मेटखाली खोचली होती, ती निम्म्या वाटेत सुटली आणि डिसेंडरमध्ये गेली. डोकं त्या लोखंडाकडे खेचलं गेलं, मान वाकडी, कानावर पाणी. ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. शिट्टी होती, ती वाजवली. आधी ठरलं होतं तसं वरच्याने मला आहे तशी खाली सोडलं, मी कातळाला पाय लावून फक्त बाहेर राहिले. खाली भाच्याने वेणी सोडवली. बोटभर केस तिथेच राहिले. तो दोर जर वर पक्क्या गाठीने बांधलेला असता तर कात्री मागवावी लागली असती, आणि कात्री माझ्या दुकानात. म्हणून बायांनो, आणि लांब केसांच्या बाप्यांनो: आंबाडा घाला, त्यावर जाळी, ती टीशर्टच्या आत. आणि शिट्टीच्या खुणा निघण्याआधी स्वतः एकदा म्हणून दाखवा. प्रत्येक गटाच्या वेगळ्या असतात.

घसरगुंडीचा टप्पा सगळ्यात मजेचा. पाय जुळवून पुढे, हात छातीवर घडी, कोपर बाहेर काढायचं नाही. ओघात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांच्या फटीत अडकतो. वाहून जायला लागलात तर उताणे, पाय पुढे.

मग उडीचा डोह आला, साडेतीन मीटर. दादा आधी स्वतः उतरला, बुडी मारून तळ चाचपून आला. दर पावसाळ्यात धोंडे जागा बदलतात, मागच्या वर्षीची खोली या वर्षी खरी नसते. सगळ्यांनी उड्या मारल्या. मी काठावर उभी राहिले, दोनदा मोजले, आणि नाही म्हटलं. "नको तर नको, ताई. इथून रोपने सोडतो." बस. ना हसणं, ना 'तीन, दोन, एक'. नाही म्हणणाऱ्या माणसासाठी दुसरी वाट ठेवलेली असते की नाही, हाही प्रश्न बुकिंगच्या वेळीच विचारावा असं मला तिथे उभं असताना सुचलं. आधी सुचलं असतं तर बरं.

साडेबाराला बाहेर. कोरडे कपडे, गूळ घातलेला चहा, आणि ओरखडे साबणाने धुणं. हे शेवटचं टाळू नका. आपल्या बाजूला ओढ्यात नि शेतात गुरं-उंदीर सगळेच असतात, आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, गुरा-उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) कातडीच्या लहानशा जखमेतून शिरतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणं असं काही झालं तर क्रोसिन घेऊन पडून राहू नका. डॉक्टरकडे जा आणि आधी ओढ्याचं सांगा, मग तापाचं. मला काही झालं नाही. पोटऱ्या चार दिवस ठणकल्या, पण ते मशीनचं पायडल मारताना कळलं, आणि ताप नव्हता.