मुलांसाठी शिकायचं अ‍ॅप घेताय? आधी मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघा

दुसरी-तिसरीतल्या मुलासाठी अ‍ॅप निवडायचं तर रेटिंग, जाहिरात, शेजारच्यांनी काय घेतलं हे सगळं जरा बाजूला ठेवा. पोराच्या हातात द्यायच्या आधी स्वतः अर्धा तास बसा आणि मुद्दाम चुका करा.

समजा ५२ वजा २७ आलंय. बरीच मुलं ३५ लिहितात, कारण २ मधून ७ जात नाहीत मग ७ मधून २ काढून मोकळी होतात. तुम्ही पण ३५च टाका. नुसती लाल फुली आणि 'पुन्हा प्रयत्न करा' आलं तर मुलाला काय कळणार, ते आकडे बदलत बसतं, कधीतरी बरोबर लागतं आणि स्टार मिळतो, शिकला काय तर काहीच नाही. चांगलं सॉफ्टवेअर तिथेच थांबून एक दशक सुटा करून दाखवतं, ५ दशकांचे ४ राहिले, २ एककांचे १२ झाले, आता घालव ७. माझ्या मते निम्मी निवड इथेच होते.

मराठी माध्यम असेल तर आवाज नक्की ऐका. 'चमचा' मधला च, 'बाळ' मधला ळ, सत्तेचाळीस-सदुसष्ट नीट म्हणतंय का? हिंदीवरून घाईत केलेलं असेल तर लगेच कळतं, आणि लहान मूल ऐकतं तसंच उचलतं हो.

पैशाचं मात्र फार जपून. डेमोला घरी माणूस आला, मुलाला चार प्रश्न विचारून 'मागे पडलाय' म्हणाला, तर त्या दिवशी सही करूच नका. वर्षाच्या फीचा ईएमआय म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावर कर्जच असतं, अ‍ॅप बंद केलं तरी हप्ता चालू राहू शकतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सांगितलं होतं की फीसाठी ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापले जाणं, टाळा, ते अजूनही पाळण्यासारखं आहे. लोकेशन, कॉन्टॅक्ट्सची परमिशन मागत असेल तर द्यायची नाही, पाढे शिकवायला कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात?

आणि आधी फुकटातलं वापरून बघा ना! बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला की त्याच धड्याचे व्हिडिओ मिळतात. जीकॉम्प्री हा शिकायच्या खेळांचा संच २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, जाहिराती नाहीत, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. थोड्या मोठ्या मुलांना कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) द्या, त्यात गणित-विज्ञानाचे स्क्रीनवरचे प्रयोग आहेत, अपूर्णांक हाताने जोडून-तोडून बघता येतात, बरंचसं मराठीत पण आहे.

एका वेळी एकच अ‍ॅप ठेवा. आठवड्याने त्याच प्रकारची वजाबाकी कागदावर द्या, मोबाईल बाजूला ठेवून. जमली तर अ‍ॅप ठेवा, नाही जमली तर दुसरं बघा.