घरपट्टीतला शिक्षण कर, पालिकेची शाळा आणि फेब्रुवारी महिना

घरपट्टीचं देयक हातात पडल्यावर तणतणत प्रभाग कार्यालयात जाणाऱ्यांना मी एकच विचारते: फेब्रुवारीत कुठे होतात? एप्रिलपासूनच्या वर्षाचे करांचे दर महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, फेब्रुवारीत ठरवते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 99 प्रमाणे 20 फेब्रुवारीपर्यंत. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही याच कायद्यावर चालतात. खिडकीमागच्या कारकुनाला दर बदलायचा अधिकार नाही, त्याच्यावर ओरडून घसा बसतो इतकंच.

मी ठाणे महापालिकेतल्या कळव्यात राहते, एका पतपेढीत हिशेब बघते आणि धाकटी मुलगी पालिकेच्या शाळेत असल्यामुळे तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. म्हणजे पैसा भरण्याच्या रांगेतही मी असते आणि तो मागण्याच्या रांगेतही. सोसायटीतल्या आणि शाळेतल्या बायका मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी देयक. वरची थकबाकीची रक्कम बघून घाबरू नका, खालची करांची यादी वाचा. सामान्य कर, पाणी आणि मलनिःसारणाचे कर, वृक्ष कर असं बरंच काही असतं. त्यात शिक्षणाच्या नावाने दोन ओळी शोधा. एक महापालिकेचा शिक्षण कर, दुसरा राज्य शासनाचा. दुसरा 1962 च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखाली येतो. पालिका तो फक्त गोळा करते आणि शासनाकडे भरते. दुकानदारांच्या देयकावर रोजगार हमीचीही ओळ असते, कारण ती बिगरनिवासी मालमत्तेलाच लागते. तेव्हा ‘एवढा शिक्षण कर भरतो आणि शाळेला रंग नाही’ असं नगरसेवकाला ऐकवण्याआधी दोन्ही ओळींतले आकडे वेगळे करून घ्या. नाहीतर तो पहिल्याच वाक्यात सुटतो: ‘ताई, तो पैसा मंत्रालयात जातो.’ आणि ते अर्धं खरं असतं.

दुसरी गोष्ट: दर वेगळा आणि करयोग्य मूल्य वेगळं. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आहे, आपल्याकडे अजून वार्षिक भाडेमूल्यावर. समजा तुमच्या घराचं भाडं पालिकेने महिना 1,000 रुपये धरलं. वर्षाचे 12,000, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, उरले 10,800. हे झालं करयोग्य मूल्य, आणि प्रत्येक कराची टक्केवारी यावर लागते. टक्केवारी सगळ्या शहराची असते, ती सभागृहात बदलते. मूल्य तुमच्या घराचं असतं. क्षेत्रफळ जास्त लागलं असेल किंवा राहत्या घराला व्यापारी वापर लागला असेल, तर त्यासाठी नगरसेवक नको, हरकतीचा अर्ज हवा. नोटिशीत दिलेल्या मुदतीत तो द्या, सोबत करारनाम्याची प्रत जोडा आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीतही पटलं नाही तर कलम 406 खाली न्यायाधीशाकडे अपील आहे, पण त्याला फक्त 15 दिवस मिळतात आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. तसंही हरकत घेतली म्हणून कर थांबवू नका. मुदत टळल्यावर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाला 24. आमच्या पतपेढीतही एवढ्या व्याजाने कर्ज कोणी घेत नाही. ‘शास्ती माफ करणारी अभय योजना येईल, तेव्हा भरू’ म्हणणारे आमच्याही मजल्यावर आहेत. वेळेवर भरणाऱ्याची ती चेष्टा आहे, असं माझं स्पष्ट मत.

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळणाऱ्या करमाफीबद्दलही दर वर्षी विचारणा होते. 2022 च्या सुरुवातीला जाहीर झालेली माफी मुंबईची, आणि मुंबईचा कायदा वेगळा आहे, 1888 चा. नवी मुंबईच्या महासभेनेही 2019 मध्ये अशा माफीचा ठराव केला होता. पण महासभेचा ठराव आणि तुमचं देयक यांच्यामध्ये राज्य शासनाची मंजुरी बसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा पेढे वाटतानाचा फोटो बघून कर भरायचं थांबू नका.

आता शाळा. पालिकेच्या शाळांचा खर्च त्या शिक्षण कराच्या एका ओळीतून भागत नाही. शिक्षकांच्या पगारात शासनाच्या अनुदानाचा वाटा असतो, समग्र शिक्षा योजनेचे पैसे केंद्र आणि राज्याकडून 60:40 अशा प्रमाणात येतात, आणि उरलेलं पालिका आपल्या तिजोरीतून घालते. त्या तिजोरीत 2017 पासून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान आहे आणि तुमची-माझी घरपट्टी. म्हणून शाळेसाठी किती ठेवलं हे विचारायचा हक्क घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे, मूल त्या शाळेत असो वा नसो.

अर्थसंकल्पाचं पुस्तक महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतं. जाडजूड असतं. आयुक्तांचं निवेदन सोडून द्या, त्यात सगळंच ‘डिजिटल’ आणि ‘स्मार्ट’ असतं. थेट शिक्षण विभागाच्या खर्चाच्या पानांवर जा. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या खात्यापुढे, रकाने असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रात शेवटच्या रकान्याची बातमी येते. तुम्ही पहिल्या तीन रकान्यांवर पेन्सिल फिरवा. मूळ अंदाज मोठा आणि सुधारित अगदीच बारीक झालेला दिसला, तर ते काम यंदा झालेलं नाही. एखाद्या शीर्षापुढे वर्षानुवर्षं मोठा आकडा आणि प्रत्यक्ष खर्चात शून्य दिसलं, तर ते शीर्ष फक्त छापण्यासाठी आहे.

यात एक मेख आहे. शाळेचं छत गळतं, पण इमारत दुरुस्तीचे पैसे बऱ्याचदा शिक्षण विभागाच्या पानांवर नसतातच, बांधकाम विभागाच्या शीर्षाखाली असतात. मुख्याध्यापक शिक्षण विभागाकडे बोट दाखवतात, शिक्षण विभाग अभियंत्याकडे, आणि अभियंता म्हणतो प्राकलन, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, पाठवलंय, निधी नाही. म्हणून दोन्ही विभागांची पानं काढा आणि आपल्या शाळेचा क्रमांक कुठे दिसतो का ते बघा. दिसला नाही तर विचारायचा प्रश्न असा: ‘हे काम कोणत्या लेखाशीर्षातून होणार?’ ‘छत कधी करणार’ याला ‘लवकरच’ हे उत्तर चालतं. लेखाशीर्षाच्या प्रश्नाला चालत नाही.

पण फेब्रुवारीत मागायचं, तर कागद डिसेंबरात तयार हवा. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 प्रमाणे अनुदानित आणि सरकारी-पालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका. कलम 22 म्हणतं की समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि स्थानिक प्राधिकरणाने अनुदान त्याच्या आधारावर द्यायचं. बहुतेक पालकांना या आराखड्याचं नावही ठाऊक नसतं. बैठकीत चहा येतो, वहीवर सह्या होतात, संपलं. तुम्ही आराखड्याची प्रत मागा. त्यात ‘स्वच्छतागृहांची अवस्था वाईट’ असं लिहू नका. किती मुली, किती शौचकुपं, त्यातली चालू किती, नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं, असं लिहा. मग तो आराखडा आवक क्रमांक घेऊन शिक्षण विभागात द्या आणि एक प्रत प्रभागाच्या नगरसेवकांना. आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात, चौघांनाही द्या. एकाला दिली की बाकीचे तिघे ‘मला कुठे सांगितलंत’ म्हणायला मोकळे.

मधली वर्षं विचित्र गेली. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासक होते. अर्थसंकल्प मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर आता पुन्हा सभागृह आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या. महासभा लोकांना खुली असते. ठाण्यात ती पाचपाखाडीला मुख्यालयात नरेंद्र बल्लाळ सभागृहात भरते. विषयपत्रिका आधी मिळवा आणि आपल्या नगरसेवकाला प्रश्न लिहूनच द्या. तोंडी सांगितलेला प्रश्न सभागृहापर्यंत जाताना निम्मा सांडतो.

एवढं करूनही आकडा मिळाला नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. मी वापरते तो मजकूर असा:

‘महापालिका शाळा क्रमांक अमुक, या शाळेच्या इमारत दुरुस्तीसाठी मागील तीन आर्थिक वर्षांत तरतूद केलेली रक्कम, सुधारित रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि संबंधित लेखाशीर्ष यांची वर्षनिहाय माहिती द्यावी. रक्कम अन्य शीर्षाकडे वर्ग केली असल्यास त्या मंजुरीची प्रत द्यावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. शाळेसाठी ठेवलेली रक्कम वर्षअखेरीला दुसऱ्या कामाकडे वळवली असेल, तर ते याच वाक्याने बाहेर येतं. ‘का वळवली’ असं मात्र लिहू नका, कारणं विचारली की अर्ज परत यायला निमित्त मिळतं. कागद मागा, कारण कागदातच असतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. आलं, तर त्याची झेरॉक्स समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्ताला जोडा आणि मुख्याध्यापकांची सही त्या झेरॉक्सवरही घ्या.