स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी डब्यावरचं नाव पूर्ण वाचा

दिवाळी जवळ आली की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच, दादा साठ हजारात गेमिंग पीसी करायचाय, कार्ड कुठलं टाकू? मी आधी दोनच गोष्टी विचारतो, मॉनिटर कुठलाय आणि खेळणार काय. दिवसभर व्हॅलोरंट आणि सीएस२ खेळणाऱ्याला प्रोसेसर चांगला लागतो, कार्ड मध्यम असलं तरी भागतं, पण सायबरपंक सारखं काही खेळायचं असेल तर सगळा भार कार्डावर येतो. मॉनिटर १९२०×१०८० चा असेल (बहुतेकांचा तोच असतो) तर महागड्या कार्डाच्या नादी लागूच नका.

बजेटमधल्या कार्डांत खरी गोची नावाची आहे. माझा मावसभाऊ मागे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० घेऊन आला, खूश होता एकदम, म्हणला दुकानदाराने सूट दिली. डबा बघितला तर ६ जीबीवालं. आता ३०५० दोन आहेत, एक २०२२ चं ८ जीबीवालं आणि एक २०२४ चं ६ जीबीवालं, आणि लोकांना वाटतं फरक फक्त २ जीबीचा. तसं नाहीये! आत चिपचे कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) २५६० चे २३०४ झालेत, मेमरीचा रस्ता १२८ बिटचा ९६ बिट झालाय आणि वीज १३० वॅटवरून ७० वर आलीय, म्हणजे ते वेगळंच कार्ड आहे, नाव तेवढं तेच ठेवलंय. ६ जीबीवाल्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये त्याचं भागतं, म्हणून ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये टाकायला ते झकास आहे. पण नवीन पीसी बांधताना ते कशाला घ्यायचं?

याच्या उलट पण होतं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्हीत येतात आणि तिथे चिप तीच असते, फरक खरंच मेमरीचा. म्हणजे नुसता जीबीचा आकडा बघून काही कळत नाही. जीटी ७३० ला ४ जीबी लिहिलेलं असतं म्हणून कुणीतरी ते 'गेमिंग कार्ड' म्हणून गळ्यात मारतं, ते २०१४ चं कार्ड आहे हो, त्यापेक्षा रायझेन ५६००जी प्रोसेसरमधले आतले ग्राफिक्स बरे.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अगदी कमी पैशात नवीन आरएक्स ६६०० कुठे मिळत असेल तर अजूनही मस्त आहे, ८ जीबी, १३२ वॅट, १०८०पी ला (म्हणजे १९२०×१०८० ला) निवांत चालतं. थोडे जास्त टाकता येत असतील तर आरटीएक्स ५०५० किंवा ५०६०, यात डीएलएसएस मिळतं, म्हणजे गेम आतून कमी रिझोल्युशनवर चालतो आणि कार्ड चित्र मोठं करून दाखवतं, फ्रेम वाढतात. इंटेलचं आर्क बी५८० पण चांगलंय, १२ जीबी मेमरी आहे, फक्त बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रीसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असायलाच हवं आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते मार खातं, त्यामुळे कुणाचं जुनं बोर्ड-प्रोसेसर घेऊन पीसी करत असाल तर राहू द्या. आरएक्स ६५०० एक्सटी पासून तर लांबच राहा, ४ जीबी मेमरी, मदरबोर्डाशी जोडणाऱ्या फक्त चार लेन त्यामुळे पीसीआय ३ च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डवर अजून हळू पडतं, आणि व्हिडिओ एन्कोडर नाहीच, म्हणजे स्ट्रीमिंग-रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर.

सेकंडहँड घेऊ का, हा पुढचा प्रश्न. घ्या, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. आरएक्स ५८० च्या बाबतीत '२०४८ एसपी' (म्हणजे २०४८ कोअर) लिहिलंय का बघा, खऱ्या ५८० ला २३०४ असतात, हे म्हणजे ५८० चं स्टिकर लावलेलं ५७० च समजा. आणि दोन्ही आता म्हातारी झालीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा नाहीतर कुणाच्या घरी जा, कार्ड चालू पीसीत लावून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा (खोटं एनव्हिडिया कार्ड असेल तर ते बहुतेक वेळा तिथल्या तिथे 'फेक' दाखवतं), मग वीसेक मिनिटं जड गेम चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके-रेघा येतात का बघा. मूळ बिल मागा आणि डब्यावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा. माणूस नुसता फोटो पाठवून 'आधी पैसे टाका' म्हणत असेल तर फोन ठेवा.

एसएमपीएस मध्ये (पीसीला वीज देणाऱ्या डब्यात) पैसे वाचवू नका, प्लीज. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा तो हलका डबा ५०० वॅट लिहितो पण तेवढं देत नाही. ५५० वॅटचा ब्राँझ वाला (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला) चांगला घ्या, वरच्या बहुतेक कार्डांना पुरतो, बी५८० ला मात्र इंटेल ६०० सांगतं. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी बसते का तेही मोजा, तीन पंख्यांचं कार्ड आणून मग हार्डडिस्कचा पिंजरा कापत बसलेले लोक मी बघितलेत.

आणि सगळं जोडून झालं की एचडीएमआय ची वायर मदरबोर्डात नाही, खाली कार्डात लावा. नावाच्या शेवटी एफ असलेला, म्हणजे आतले ग्राफिक्स नसलेला इंटेल प्रोसेसर असेल तर चूक लगेच कळते कारण स्क्रीनच येत नाही, पण ५६००जी सारखा असेल तर पीसी आरामात चालू होतो, गेम अडखळतो आणि पोरं दुकानदाराला शिव्या घालत बसतात. तसंच १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, बऱ्याचदा तो ६० वरच असतो. मावसभावाचा आठ महिने ६० वर होता.