युद्धनौकेच्या मॉडेलला ब्रासची रेलिंग लावायची तर असं करा

मोठ्या युद्धनौकेचं किट उघडलं की लोक पार्ट मोजत बसतात आणि घाबरतात. घाबरायचं काही नाही त्यात. हल म्हणजे जहाजाचं धड, डेक, तोफा, चिमणी हे सगळं प्लॅस्टिकचं काम सोबतचा कागद बघत बघत होऊन जातं. मॉडेल बिघडतं ते रेलिंगला. बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका खरी २५१ मीटरची, म्हणजे १/३५० स्केलच्या मॉडेलमध्ये साधारण ७२ सेंटिमीटर, आणि मीटरभर उंचीची रेलिंग त्यात जेमतेम ३ मिलिमीटरची होते. एवढीशी पट्टी, पण जरा लहरली की नजर आधी तिथेच जाते, मग खालच्या तोफा कितीही सुंदर रंगवा.

ही रेलिंग फोटो-एचची, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या पातळ ब्रासच्या पत्र्याची असते. फोटो-एचचे बाकीचे पार्ट सोपे आहेत. फ्रेट, म्हणजे सगळे पार्ट जोडलेला तो पत्रा, कटिंग मॅटवर ठेवून कापा असं जिकडेतिकडे सांगतात, ते ऐकू नका. मॅट मऊ असते, ब्लेड दाबलं की पार्ट खाली वाकतो. जुनी टाईल नाहीतर कडप्प्याचा तुकडा घ्या, पार्टवर मास्किंग टेप लावा म्हणजे उडत नाही, आणि गोल पोटाचं ब्लेड टेकवून दाबा. घडी घालायची रेष शक्यतो आतल्या बाजूला येते, आणि एकदा घातलेली घडी परत उलगडायची नाही, ब्रास तिथेच तुटतं. बारीक चिमटे आणि कानशी नागपुरात इतवारीत सराफ्याच्या बाजूला सोनारकामाच्या हत्यारांत बघा, हॉबीच्या नावाखाली महागडा सेट घ्यायची गरज नाही.

आता रेलिंग. यात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. सगळ्यात महत्त्वाचं हे की रेलिंग ग्लूशिवाय आपल्या जागी उभी राहिली पाहिजे. लोक काय करतात, सरळ पट्टी घेतात, एक टोक चिकटवतात आणि मग डेकच्या वळणावर बोटाने दाबत दाबत पुढे नेतात. ब्रासला ताण असतो, ते परत सरळ व्हायला बघतं, आज चिकटलं तरी काही दिवसांनी मधेच सुटतं. त्यापेक्षा डेकच्या कडेला बारीक मास्किंग टेप लावा, रेलिंग कुठे सुरू, कुठे कोपरा, कुठे शिडीसाठी मोकळी जागा हे पेन्सिलने टेपवर मारा, मग टेप अलगद काढून पुठ्ठ्यावर त्याच वळणात चिकटवा. हा झाला तुमचा साचा. रेलिंग त्यावर ठेवून, ड्रिल बिटच्या गोल दांड्यावर हलकी फिरवून, अगदी तंतोतंत बसेपर्यंत वळवा. कोपरा नेहमी खांबाशीच मोडायचा, दोन खांबांच्या मधे कधीच नाही. जोडही खांबावरच. यामाटो या जपानी युद्धनौकेसारखा वरखाली होत जाणारा डेक असेल तर लांब पट्टी लावूच नका, मधे फुगते किंवा खांब तिरके होतात, तुकडे करून लावा. आणि रेलिंग गॅसवर तापवून मऊ करा हा सल्ला तर मुळीच ऐकू नका, गोल वळवायच्या पार्टला ते ठीक आहे, रेलिंग मात्र त्याने लेचीपेची होते, नुसतं बोट लागलं तरी दबते. पहिल्यांदा करत असाल तर खाली सलग दांडी असलेली रेलिंग घ्या, सुट्या खांबांची नंतर.

ग्लू. सुपरग्लू बाटलीतून थेट लावणं बंद करा. टाईलवर थेंब काढा, शिवणाच्या सुईचं नेढं वरून घासून उघडं करा, त्या दोन टोकांत बरोबर हवा तेवढाच ग्लू राहतो. आधी एका टोकाचा खांब, तो घट्ट होऊ द्या, मग दुसरं टोक, मग मधला, मग उरलेले. दर थोड्या वेळाने डोळा डेकच्या पातळीवर आणून जहाजाच्या नाकाडाकडून मागे बघा, वरून बघितलं तर सगळंच सरळ वाटतं.

आणि नागपूरकरांनो, कूलर बंद करा बाप्पा! पार्ट उडतात हे तर आहेच, पण सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो, म्हणून लोक अजून ग्लू ओततात, आणि कूलर सुरू असला किंवा पावसाळा असला की झटकन धरतो आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसते. कोरड्या हवेत फक्त थांबायचं, ग्लू वाढवायचा नाही. मी उन्हाळ्यात हे काम पहाटेच करतो, पंखासुद्धा बंद. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. जास्तीचा ग्लू काढायला ॲसिटोन नको, प्लॅस्टिकच विरघळतं. ब्लेडने खरवडा.

रंग आधी की नंतर? आधी. फ्रेट साबणाने धुवा, मेटल प्रायमर मारा, त्यावर रंगाचा पातळ हात द्या, मग कापा. नंतर फक्त कापलेल्या जागा ब्रशने भरायच्या. सगळी रेलिंग लावून वरून एअरब्रश मारला की लाकडी रंगाच्या डेकची वाट लागते, मास्किंग करणं शक्यच नसतं तिथे.

क्रम: वरच्या मजल्यांची रेलिंग ते मजले एकमेकांवर बसवायच्या आधी, हातात घेऊन लावायची. मुख्य डेकच्या कडेची अगदी शेवटी, कारण जहाज उचलताना हात तिथेच लागतो. मग मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक वार्निशचा पातळ हात, ग्लूची चमक जाते, पांढरे डाग राहिलेच तर त्यावर रंगाचा ठिपका. डोलकाठीच्या दोऱ्या त्यानंतर.